गंगाक्काची खुडूक

निरोप आणणारा माणूस शाळेच्या पायरीवर बसला आणि त्यानं आधी पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून मग म्हणाला, "गुरुजी, अक्काला लई झालंय. दाजीनं बलावलंय." चिटगुप्प्याहून अक्काचं शेत चार-पाच कोसांवर. पाऊस थांबून थांबून पडत होता, चिखलात बैलगाडी चालेना. अर्ध्या वाटेवर उतरून मी पायीच निघालो...

गंगाक्का माझी थोरली बहीण. ती जाऊन आता दीड महिना झाला. हे लिहून सोलापूरकडे छापायला पाठवतो आहे. गावाचं नाव घालत नाही आणि त्या अंमलदाराचंही नाही. दाजींना अजून तिथंच राहायचं आहे, आणि आमच्यावर राज्य निजामाचं आहे.

आम्ही धनगर. अक्काचं लग्न झालं तेव्हा बिरप्पा दाजींकडं मेंढरांचं मोठं खांड होतं. एका वर्षी मेंढरांना देवी आल्या आणि महिनाभरात मेंढवाडा ओस पडला. तेव्हा अक्का आमच्या आईकडून दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायला झालेल्या कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा मागून घेऊन गेली. नाल्याकाठी त्यांचा जमिनीचा एक हलका तुकडा होता. रात्री मेंढ्या बसवून त्यांच्या लेंडीखतावर पोसलेला, आता मेंढ्याच नाहीत. अक्का म्हणाली, "मेंढरं न्हाईत तर कोंबड्या बसवू." आम्ही हसलो होतो. पण तिनं खरंच तसं केलं. दिवसभर कोंबड्या तुरीत, जवारीच्या धसकटांत मोकळ्या फिरायच्या, हुमणी आणि वाळवी वेचून खायच्या. सांज झाली की ती त्यांना बांबूच्या मोठ्या डालग्यांखाली झाकायची, आणि रोज डालगं थोडं पुढं सरकवायची. ज्या पट्टीवर कोंबड्या निजल्या तिथं पुढच्या साली कांदा असा यायचा की बाजारात लोक विचारायचे, कुठला म्हणून.

सुटीत मी गेलो की ती मला काही बसू द्यायची नाही. "गुरुजी झालास म्हणून काय झालं, धर ती टोपली." कुठली कोंबडी कुठं अंडं घालते हे तिला ठाऊक. एक बांधावरच्या तरवडाच्या झुडपात, एक दाजींच्या जुन्या पागोट्यात. दाजी ते पागोटं डोक्याला बांधायला मागायचे आणि ती म्हणायची, "दोन दिस उघड्या डोक्यानं फिरा, तिचं व्हऊ द्या."

या उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून गरगर फिरायच्या आणि पडायच्या. अक्कानं मेलेल्या खोल पुरल्या, डालगी जाळली, उरलेल्या मूठभर कोंबड्या नाल्यापलीकडं नेऊन ठेवल्या आणि रोग सरल्यावर नव्या डालग्यांखाली परत आणल्या. पाऊस ओसरता ओसरता त्यांतली एक खुडूक बसली. अक्कानं जपून ठेवलेली सगळी अंडी तिच्याखाली घातली. पुढचा सगळा कळप आता त्या एका कोंबडीच्या पोटाखाली होता. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले होते, आणि गावाबाहेर अंमलदाराचा मुक्काम पडला.

मुक्काम पडला की कोंबड्या फुकट द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. अक्कानं वर्षानुवर्षं दिल्या. या खेपेला तिनं दिल्या नाहीत. चपराशी पोतं घेऊन येताना दिसला तशी तिनं सगळ्या कोंबड्या उभ्या तुरीत हाकलल्या. "न्हाईत," म्हणाली. "रोगानं नेल्या." चपराशानं तुरीत शिरून पाहिलं, तूर तुडवली, हाती काही लागलं नाही. मग तो झोपडीत वाकला. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठत नाही. माणूस आला तरी ती पिसं फुलवून तिथंच बसते. त्यानं तिला पाय धरून उचललं आणि पोत्यात टाकलं.

दाजी आले तेव्हा अंडी अजून गरम होती. त्यांनी ती घोंगडीत घेतली आणि घोंगडी पोटाशी धरून चुलीपाशी बसले. अक्कानं तुरीतून तिचा मोठा कोंबडा धरून आणला.

"कुटं निघालीस?"

"हा देते, ती मागून आणते. ह्याच्यात मांस जास्त हाय, कामून न्हाई देनार?"

दिवसभर पाऊस होता. तंबूपाशी अंमलदाराच्या माणसांनी कोंबडा ठेवून घेतला. खुडूक तर केव्हाच कापली होती. आणि "रोगानं नेल्या म्हणत होतीस न्हाई का," असं म्हणून तिला वेठीला धरलं. आधीच खोकणारी बाई, सांजेपर्यंत त्या पावसात विहिरीवरून पाणी ओढत राहिली. परत आली ती हुडहुडत. आल्या आल्या घोंगडीत हात घालून अंडी चाचपली आणि तिथंच आडवी झाली.

मी पोचलो तेव्हा तिच्या छातीत कफ दाटला होता, श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. दाजी अजून ती घोंगडी पोटाशी धरून होते. लघवीला उठायचे तेवढाच वेळ शेजारणीच्या हाती द्यायचे. मला बघून अक्का म्हणाली, "बाबू, आलास?" आणि मग दाजींना, "पाण्यात सोडून बगा की... आता हलायला पायजेत."

कोमट पाण्यात अंडं सोडलं आणि आत पिल्लू जितं असलं, तर अंडं आपोआप डुलतं. दाजींनी परातीत पाणी घेतलं. एकेक अंडं सोडलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पाणी शांत झालं. अंडी तरंगत राहिली, नुसती, एकही हललं नाही.

"हलायलीत का?" अक्कानं विचारलं.

"हलायलीत," दाजी म्हणाले. "समदी हलायलीत."

पहाटे ती गेली.

परवा दाजींना न्यायला म्हणून मी शेतावर गेलो. तुरीत लपवलेल्या कोंबड्या तेवढ्या उरल्या आहेत. अंडी दाजींनी कांद्याच्या पट्टीत पुरली. मी म्हणालो, "दाजी, चला माझ्याकडं. एकटे काय करता हितं?"

"येतो की. पन सांजच्याला ह्येनला झाकायला कोन हाय?"

आम्ही बांधावर बसलो. मग तेच म्हणाले, "बाबू, तिला कळलं असंल का रं? मी खोटं बोललो ते?"

जन्मभर कोंबड्या पोसलेली बाई ती. दाजी "हलायलीत" म्हणाले तेव्हा अक्कानं डोळे उघडले होते, आणि परातीकडं नाही, दाजींच्या तोंडाकडं पाहिलं होतं. बराच वेळ पाहिलं, मग त्यांच्या पायावर हात ठेवून डोळे मिटले. ते मला दिसलं होतं. दाजी मान खाली घालून बसले होते, त्यांना दिसलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. "खरंच वाटलं तिला."

दाजींनी मान हलवली, आणि डालगं उचलून एका पट्टीनं पुढं ठेवायला उठले.