आठ वाजेपर्यंतची मुदत

गावात बाबांना फौजदार म्हणून सलाम ठोकणारे लोक पाठीमागे त्यांना ‘चिखल्या’ म्हणायचे. पहाटे आमच्या मळ्यात पाणी धरून बाबा तसेच वर्दी चढवत, त्यामुळे चौकीच्या फरशीवर कायम त्यांच्या बुटांचा माग असे. “साहेब चोर धरायला निघालेत की नांगर धरायला, काही कळत नाही,” असं हवालदार म्हणायचा. बाबा हसायचे आणि फरशी स्वतः पुसून काढायचे.

कुणाला अटक करायची झाली, तर बाबा दारात शिपाई पाठवत नसत. शिपाई दारात उभा राहिला की अख्खं घर जन्मभर मान खाली घालतं, असं त्यांचं म्हणणं. निरोप घेऊन आई जायची. हातात मळ्यातल्या वांग्यांची पिशवी, जणू सहज डोकावली. मग चहा पिता पिता हळूच सांगायची, “उद्या आठपर्यंत स्वतःहून चौकीत या. गुराढोरांचं आवरून या.” आई वांगी घेऊन येताना दिसली की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पण बावीस वर्षांत एकही माणूस चुकला नव्हता. कायद्यात हे कुठेच बसत नाही, हे बाबांनाही ठाऊक होतं.

मग माझ्या मामाने पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं. तो माणूस शिव्या देत आपल्या पायांनी घरी गेला, म्हणून मामाला वाटलं, भांडण मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी जेवता जेवता कोसळला आणि त्याला दवाखान्यात हलवलं. मामा नदीपलीकडे शेतातच राहायचा. तिकडे बातमी उशिरा जायची.

“तुझ्या भावाला सांगून ये,” बाबा आईला म्हणाले.

“मीच?”

“दुसऱ्यांच्या भावांना तूच सांगत आलीस ना? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं माझ्याकडून व्हायचं नाही.”

मला तेव्हा बाबांचा संताप आला होता, अजूनही येतो. न्यायाने वागणाऱ्या माणसाला घरच्यांचं काळीज दिसत नाही. आई दिवस मावळायच्या आत परत आली. “सांगितलंस?” बाबांनी विचारलं. तिने मान हलवली आणि कणकेत पाणी जरा जास्तच ओतलं.

सकाळी आठ वाजले. मामा आला नाही. मी आणि आई चौकीच्या बाकावर बसून होतो. अंगणात शेजाऱ्याचे भाऊ जमले होते. “फौजदाराच्या मेहुण्याला कोण हात लावणार?” असं एकजण मुद्दाम मोठ्याने म्हणत होता. तालुक्याहून मोठे साहेब निघाले होते. ते येईपर्यंत मामा हजर झाला नाही, तर तो फरार ठरणार आणि मग जामीन विसरायचा. नऊ वाजले. हवालदार म्हणाला, “साहेब, जीप काढू?”

“नको. येईल तो,” बाबा म्हणाले. पण नजर दारावरून हलत नव्हती.

मोठ्या साहेबांनी आल्या आल्या स्वतःची जीप नदीपलीकडे धाडली. तासाभराने मामाला आणलं. हातात बेड्या, पाय गुडघ्यापर्यंत ओले. तो शेताला पाणी देत होता.

“दाजी,” तो बाबांना म्हणाला, “एक शब्द कळवला असता, तर धावत आलो असतो हो.”

बाबा वळून आईकडे बघत राहिले.

आई उभी राहिली. “पिशवी बघून हाच हसला. म्हणाला, ‘ताई, मला धरायला आलीस की काय?’ आणि मी म्हणाले, ‘छे.’ पुढे तोंडातून शब्दच फुटला नाही.”

मोठ्या साहेबांच्या कागदावर ‘फरार’ लिहून झालं होतं. बाबांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं: मुदत मी दिली, निरोप बायकोमार्फत पाठवला, तो पोचला नाही, आरोपी पळालेला नव्हता. साहेब हळूच म्हणाले, “फौजदार, हे लिहिलंत तर वर्दी जाईल. नुसतं गप्प बसलात तरी चालेल.”

बाबांनी सही केली आणि कागद आईपुढे सरकवला.

“तुमची वर्दी मी घालवली,” आई रडत म्हणाली.

“वर्दीचं नंतर बघू. आधी सही कर. तुझा भाऊ पळाला नव्हता, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?”

तिने सही केली. साहेबांनी ‘फरार’वर रेघ मारली आणि बेड्या काढायला सांगितल्या. मामाने मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी बाबांचा हात घट्ट धरला. आई शेजारीच उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.