रुळांपलीकडचं घर

नवा रेल्वे सिम्युलेटर काढणाऱ्या कंपनीने मला फसवलं. मी त्यांना फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी झाडं, पाणी, उजेड अशा गोष्टी बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की या माणसाचा राग निवळला. तो निवळलेला नाही.

नायगाव पूर्वेला मी विटा, वाळू आणि खडी पुरवतो. सुरुवात दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाली करून केली. आज टेम्पो माझे आहेत. भाव करताना माझा आवाज चढतो हे इथल्या प्रत्येक साइटवर ठाऊक आहे. पण दुपारी जेवण झालं, साइटवरची माणसं सावलीला टेकली, की मी घरी येतो, पडदा अर्धा ओढतो आणि कॉम्प्युटरवर आगगाडी चालवतो. या खेळात कुणाला मारायचं नसतं, कुणाला हरवायचं नसतं. इंजिनात बसायचं, वेग हळूहळू वाढवायचा, सिग्नल पाळायचे आणि काचेबाहेर बघत राहायचं. सकाळभर भांडून आलेल्या माणसाच्या कानातला आवाज त्या रुळांवर हळूहळू विरून जातो.

माझा पहिला सिम्युलेटर जुना आहे. त्याच्याबरोबर जे आयतं मिळालं त्याला डिफॉल्ट म्हणतात: बर्फाच्या डोंगरातला एक मार्ग, एक वाळवंटातला आणि एक कुठल्याशा पावसाळी देशातला, जिथे मेंढ्या कधीच हलत नाहीत. झाडं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी सपाट. गाडी कुठूनही जावो, प्रत्येक झाड तोंड फिरवून आपल्याकडेच बघतं. पाणी म्हणजे निळा कागद. पण त्या खेळाचा एक मोठेपणा होता. पेटीत जे दिलं होतं ते सगळं उघडून दिलं होतं. घरं उचला, झाडं उपटा, रूळ टाका, आपला मार्ग आपण बांधा. मासळी घेतली की डोकं, शेपटी सगळं पदरात, तसा तो व्यवहार होता.

मग मी आमचा मार्ग बांधायला घेतला. आमच्या गावाच्या, जूचंद्रच्या बाजूने खाडीकडे उतरणारा. आजचा नाही, माझ्या लहानपणचा. इमारती नव्हत्या, मिठागरं होती, आणि भाताच्या शेतांना खाऱ्या पाण्यापासून राखणारे मातीचे बांध होते.

परदेशी सामानातून आपला गाव बांधणं हे काम मला जमण्यासारखंच होतं. जे आहे त्यात भागवायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. ताडाचं झाड नव्हतं, म्हणून दिव्याचा खांब उभा केला आणि वर एक झुडूप बसवलं. मिठाचे ढीग नव्हते, म्हणून बर्फाचे ढिगारे आणून मिठागरात ओळीने मांडले. ते इतके बरोबर दिसले की मी बराच वेळ गाडी उभी करून बघत बसलो. मागच्या गाडीला सिग्नल मिळत नव्हता, पण मागची गाडी मीच ठरवलेली होती. तिला थांबवायचा हक्क मला होता.

शेवटी राहिलं घर. आमचं घर रुळांच्या खाडीकडच्या, सखल बाजूला होतं. उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी ओट्यावर चढायचं, मग घरात. आई तांदळाचा डबा माळ्यावर चढवायची आणि दर वेळी तेच बोलायची, "घर रुलांचे पल्याड असता तर पाय कोरडं रायलं असतं." पल्याड उंचवटा होता. तिथे कुणाचंच घर नव्हतं. जमीन आमची नव्हती, म्हणून ते बोलणं तिथेच संपायचं.

खेळात जमीन कुणाची नसते. मी घर उचललं आणि रुळांच्या पल्याड, उंचवट्यावर ठेवलं. मेंढपाळाचं एक दगडी खोपट होतं, त्याचं छप्पर ताणून लांब केलं आणि भिंतींना निळसर पांढरा रंग दिला, चुन्यात नीळ घातल्यासारखा. एकच गोष्ट जमेना. त्या खोपटाला धुराडं होतं आणि ते छपराशी असं जोडलेलं की काढता येत नव्हतं. जूचंद्रात धुराड्याचं घर कुणी पाहिलेलं नाही. आमचा धूर कौलांच्या फटींतून जायचा. राहू दे म्हटलं. इतकं मिळालं, त्यात एक धुराडं सहन करू.

मार्ग पुरा झाल्यावर शौकीन लोकांच्या एका वेबसाइटवर मी तो टाकला. फुकट. माझ्या आयुष्यात फुकट दिलेली ती बहुधा एकच गोष्ट. अट एकच लिहिली: झाडं बदला, पूल बदला, हवं ते करा, घराला हात लावायचा नाही. आमच्या धंद्यात कागद कमी आणि शब्द जास्त. ज्याने माल उचलला त्याने अट उचलली, असं आम्ही मानतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहतात, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनाही हाच नाद. ते मला शेठ म्हणतात आणि त्यात थोडी चेष्टा असते. नवा सिम्युलेटर आला तेव्हा तो आधी त्यांनी घेतला आणि चहाला म्हणून मला वर बोलावलं.

"शेठ, तुमच्या झाडांना सावली तरी पडते का? हे बघा."

मी बघितलं. आमच्या गावात दिवाळीला रांगोळीची चित्रं काढतात. चाळणीतून रंग सोडून माणसाचा चेहरा असा उभा करतात की गालावरचा घामसुद्धा दिसावा. जुना खेळ म्हणजे ठिपके जोडून काढलेली अंगणातली रांगोळी होती. नवा खेळ म्हणजे ते चेहऱ्याचं चित्र. काचेवर पावसाचा थेंब पडत होता, घरंगळत होता, दुसऱ्या थेंबाला भेटून जड होत होता. रूळ ओले होते आणि त्यांत आभाळ लांबट होऊन चाललं होतं.

"आयतं काय दिलंय?" मी विचारलं.

"दोन मार्ग. बाकीचे विकत."

"म्हणजे घर विकलं आणि दारं वेगळी."

"तुम्ही नाही का वीट वेगळी आणि उतरवायची हमाली वेगळी लावत?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण साहेबांनी तेवढ्यात दुसरा मार्ग उघडला होता. काल्पनिक खाडीमार्ग, असं त्याचं नाव. गाडी वळणावरून उतरली. मिठागरं आली. खरं मीठ, त्यावर ऊन, ढिगांच्या पायाशी पाणी. ताड आले, खरे ताड, पण माझे खांब जिथे होते तिथेच, त्याच अंतराने. आणि मग रुळांच्या पल्याड, उंचवट्यावर, निळसर भिंतींचं कौलारू घर. एकाच बाजूला उतरत गेलेलं लांब छप्पर. आणि धुराडं.

"साहेब, थांबवा," मी म्हणालो. "ते माझं घर आहे."

साहेब हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी ब्रेक लावला.

त्या घरावर संध्याकाळ चालली होती. कौलाकौलावर वेगळा उजेड होता. ओट्याचा सारवलेला रंग होता. मी तो कधी दिला नव्हता, त्यांच्या कुणा कलाकाराला तो कसा सुचला ते देव जाणे. आणि धुराड्यातून धूर येत होता. बारीक, जरा वाकडा होऊन, खाडीच्या वाऱ्याने ताडांकडे वळणारा. माझ्या जुन्या खेळात धुराडं होतं, धूर नव्हता.

मी तिथेच आरडाओरडा करायला हवा होता. त्याऐवजी खाली येऊन मी तो खेळ विकत घेतला, आणि भाव न करता घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसवलं. तिला आता चेहरे नीट ओळखू येत नाहीत, पण हलणारं दिसतं: खिडकीचा पडदा हलला, कावळा उडाला तर ती लगेच सांगते. मी गाडी खाडीकडे उतरवली आणि घरासमोर उभी केली. ती पुढे झुकली.

"धूर हाय," ती म्हणाली.

"हो, आये."

"आरं बाला, मंग कोनतरी घरान हाय. चूल पेटलीय."

मग तिने विचारलं, पाणी कुठवर आलंय. मी म्हटलं, पाणी खाली, खाडीकडे. घर पल्याड आहे. ती खुर्चीत मागे टेकली आणि दोन्ही पाय वर घेऊन बसली. माझ्या बायकोने दिवा लावायला हात पुढे केला, तिला मी थांबवलं. खोलीत फक्त त्या पडद्याचा उजेड होता, आणि आई त्या उजेडात घरी बसलेली होती. खरं घर केव्हाच गेलं. तिथे आता एका इमारतीचं पार्किंग आहे आणि त्या इमारतीच्या विटा मीच पुरवल्या आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. आई मात्र त्या बाजूने जायला कधी तयार झाली नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही जायचो. जायचो असंच म्हणतो. मी गाडी न्यायचो, ती धूर बघायची. कधी ती सुकटाच्या कालवणाबद्दल बोलायची, जणू ते आत रटरटत आहे. कधी नुसतीच डोळे मिटून बसायची, आणि मी घरासमोर इंजिन थांबवून त्या ओल्या रुळांकडे बघत राहायचो. त्या दिवसांत साइटवर माझा आवाज खाली आला होता. एका सुपरवायझरने तब्येतीची चौकशी केली.

पण माझं घर त्यांनी काल्पनिक म्हणून विकायला ठेवलं होतं, हे मनातून जाईना. अट मोडलेली नव्हती, हे खरं. उलट घर त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं बांधलं होतं. पण नाव कुठेच नव्हतं. मी कंपनीला लिहायचं ठरवलं. साहेबांनी ते इंग्रजीत करून दिलं आणि लिहिताना थांबले.

"शेठ, हे धुराड्याचं लिहू नका."

"का? तोच तर पुरावा. आमच्या गावात धुराड्याचं घर नाही, आणि त्या उंचवट्यावर कधीच घर नव्हतं. या दोन्ही चुका माझ्याशिवाय कुणी करणार नाही."

"तुम्हीच म्हणता ना, जो माल हवा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बाजूच्या मालाचा भाव विचारायचा."

"तो बाजारातला नियम झाला. हे घर आहे."

"मग ताडांबद्दल लिहा, मिठाबद्दल लिहा. घर राहू द्या तिथे."

मी ऐकलं नाही. पैसे नकोत, असं लिहिलं. घराखाली माझ्या आईचं नाव लिहा, एवढंच मागितलं. वर पुरावा म्हणून धुराड्याचा आणि उंचवट्याचा फोटो जोडला.

उत्तर आलं ते आधी खेळातच आलं. एका संध्याकाळी खेळाने स्वतःच अपडेट घेतला आणि मी गाडी खाडीकडे उतरवली. मीठ होतं. ताड होते. पाण्यात आभाळ पूर्वीपेक्षाही सुंदर दिसत होतं. रुळांच्या पल्याड उंचवट्यावर तिवरांची झाडं होती. तिवरं उंचवट्यावर येत नाहीत, खाजणातल्या चिखलात येतात. एवढंसुद्धा त्यांनी बघितलेलं नव्हतं.

"चूल नाय पेटली?" आईने विचारलं.

"पेटेल," मी म्हणालो. "वेळ आहे."

तिने पाय खाली घेतले.

पत्र नंतर आलं. आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे, मार्ग संपूर्ण काल्पनिक आहे, वादग्रस्त वस्तू काढून टाकली आहे. साहेबांनी मला तीनदा वाचून दाखवलं, कारण मी तीनदा वाचायला लावलं. त्यांच्या कॉम्प्युटरवरचं घरही गेलं होतं. जुनी प्रत परत घ्यायची सोय नाही. आपल्या हाताने बांधायची सोय त्या खेळात अजून दिलेलीच नाही. मी जुना सिम्युलेटर उघडला आणि आईला माझं खोपट दाखवलं. तिने बघितलं आणि विचारलं की पडदा बिघडलाय का. तिथे काहीच हलत नव्हतं.

ती अजून रोज संध्याकाळी खुर्चीत येऊन बसते. मी गाडी नेतो. तिवरं वाऱ्याने हलतात, तेवढं तिला दिसतं, आणि दर वेळी ती विचारते की घरातली माणसं गेली कुठे. बायको म्हणते, सांगून टाका की खेळ आहे. आईला तो खेळ आहे हे पहिल्यापासून माहीत आहे. तिचा प्रश्न वेगळा आहे.

कंपनीला मी पुन्हा लिहिलं आहे आणि उत्तर आलेलं नाही, म्हणून हे इथे छापायला देतो. घर काल्पनिक होतं, हे मला मान्य. त्या उंचवट्यावर कुणी कधी राहिलं नाही, हे तुमच्या आधी मी सांगितलं. पण ती कल्पना एका बाईने गुडघाभर पाण्यात उभं राहून केली होती, आणि तिच्या मुलाने ती तुमच्या आधी बांधली होती. ती तुम्हाला सुचलेली नाही. तेव्हा ज्याने ते घर काढून टाकायचा हुकूम दिला, त्या माणसाने समोर यावं आणि मला नव्हे, तिला सांगावं: चूल कुणी विझवली?