गाडीचा मलिदा

भाईजान आखातातून कायमचे परत आले आणि त्यांची तिकडची गाडी मागून जहाजानं निघाली. ‘गाडी बंदराला लागली’ असा मुंबईहून फोन आला आणि अम्मीला दम निघेना. तिनं त्याच दिवशी पोळ्या कुस्करल्या, गूळ-तूप घातलं आणि फातिहा देऊन भूमच्या आमच्या अख्ख्या गल्लीत मलिदा वाटला. गाडी दारात आल्यावर वाटतात तो मलिदा, हे मी सांगून पाहिलं. पण पोरगा आता घरी राहणार म्हटल्यावर ती कशाला कुणाचं ऐकतेय.

गाडी बंदरातच अडकली. धाराशिवला आरटीओबाहेर बसणाऱ्या एजंटानं मोबाइलवरचा फोटो पाहिला. “स्टिअरिंग डावीकडं हाय की ओ. आपल्याकडं उजवीकडंच लागतंय. हिचं पासिंग न्हाय व्हायचं. परत धाडा, न्हायतर जाईल सरकारजमा.”

भाईजान मिसरूड फुटायच्या वयात तिकडं गेलेले, गाडी तिकडंच शिकलेले. इकडचा कायदा त्यांना कुणी सांगितला नव्हता आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. मला राग आला तो याचाच.

गल्लीनं मलिदा खाल्ला होता, म्हणजे गल्लीच्या लेखी गाडी आलेली होती. टपरीवर, न्हाव्याकडं, मशिदीच्या पायरीवर, जो तो विचारी, “झालं का पासिंग?” लोक वाईट नव्हते. पण भाईजानचं आधी टपरीवर जाणं बंद झालं, मग दारात बसणं. जुम्म्यालाही ते मागच्या वाटेनं जायचे. शेवटी म्हणाले, गाडी परत पाठवतो आणि मीही जातो, तिकडं जुनं काम आहे.

अम्मी म्हणाली, “मेरेकू गाडी नक्को. तू रैता क्या, बोल.”

भाईजान बॅग भरत राहिले. मला त्या गाडीचा, गल्लीचा, अम्मीच्या त्या घाईचाही संताप आला, आणि मग नुसतं रडू आलं.

आम्ही दोघी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मुंबईची एसटी लागली होती. शेजारचे अण्णा तिथं भेटले आणि बॅग बघून खूश झाले. “गाडी आणायला निघालास व्हय रं?”

“व्हय,” म्हणून भाईजान गाडीत चढले.

अण्णांनी अम्मीकडं बघितलं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “व्हय, आणायलाच चाललाय.”