नांगर, लोखंडी, नग एक

माझी आई रागावली की शुद्ध मराठी बोलते. एरवी तिचं बोलणं तारापूरकडच्या आमच्या मांगेल आळीतलं, 'हाय' आणि 'नाय'चं. पण डोक्यावर पाटी घेऊन कॉलनीतल्या बायकांना मासे विकता विकता तिने त्यांचीही भाषा उचलली आणि खास प्रसंगांसाठी राखून ठेवली. एखादी बाई फारच घासाघीस करायला लागली की आई म्हणायची, "आपल्याला परवडत नसेल तर राहू द्या." बाई गार. आम्हा भावंडांना तिने कधी मारलं नाही. "इकडे या" एवढं म्हणाली की पुरे व्हायचं.

पावसाळा सरता सरता तिचा पाय मुरगळला आणि मी तिला पालघरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मग एका रविवारी तिचं घर आवरून बंद करायला एकटीच गावी गेले. मला आवरण्याचा रोग आहे. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर जन्म काढला, त्यामुळे जिथल्या तिथे नसलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. त्याच दिवशी आळीत काही हौशी मंडळी टेम्पो घेऊन आली होती. गावोगावी छोटी संग्रहालयं निघतायत, तिथे ठेवायला जुन्या वस्तू द्या, असं घरोघर सांगत होती. मला तर देवच भेटला. अंगणातलं सगळं मी त्यांच्या टेम्पोत चढवलं. इतकंच नाही, तर प्रत्येक वस्तूला माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून सुतळीने बांधली. मंडळी म्हणाली, असं शिस्तीचं घर आम्ही पाहिलं नाही. मी फुगले.

संध्याकाळी आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नांगर?"

"तोही दिला. दोन माणसं लागली उचलायला."

आईने हातातली निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. मला भूक नाही."

तुम्ही! मला, पोटच्या पोरीला!

बाबा भावांपासून वेगळे झाले तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी तो नांगर घडवून घेतला होता. होडी नंतर आली. होडीही पुढे विकली गेली, बाबाही गेले, पण नांगर दाराशी पडून राहिला. त्याच्या आडव्या दांड्यावर पाय टेकून आई मासे साफ करायला बसायची. हे मी लहानपणापासून बघत आले होते, आणि तरी टेम्पो आला तेव्हा मला तिथे फक्त गंजलेलं लोखंड दिसलं. याची आजही लाज वाटते.

त्या हौशी मंडळींपैकी एकाचा फोन लागला. पण त्यांना एवढंच आठवत होतं की वस्तू वाटून टाकल्या, आपापल्या विभागाप्रमाणे. कुठे, ते आठवत नव्हतं. यादी होती, ती भिजली. मी म्हटलं, भिजणारच, लॅमिनेट कोण करणार! पण बोलून उपयोग नव्हता. आई रोज सकाळी चहा हातात घेऊन म्हणायची, "आभारी आहे." दोन आठवड्यांत मी निम्मी झाले. शेवटी ठरवलं, नांगर शोधायचा. निवृत्तीनंतर शिकलेली गाडी होतीच. मी एकटीच निघाले होते, पण आई पिशवी घेऊन दारात उभी. "तुम्हाला आपला नांगर ओळखता येणार नाही," म्हणाली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढे बसली असती तर समेट झाल्यासारखं दिसलं असतं.

अशी आमची रविवारची तीर्थयात्रा सुरू झाली.

पहिलं संग्रहालय किनाऱ्यालगतच्या एका वाचनालयाच्या खोलीत होतं. नांगर असेल तर मच्छीमारांच्याच गावात, हे माझं कार्यालयीन तर्कशास्त्र. खोलीला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते जाळं विणत बसले होते, आणि हातातली ओळ पूर्ण झाल्याशिवाय उठणार नव्हते. तासाभराने उघडलं. आत एक पोर्तुगीज नाणं, एक तडा गेलेला रांजण आणि एकाच गृहस्थांचे तीन फोटो. गृहस्थ कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तीन फोटो आहेत म्हणजे मोठेच असणार, असं आम्हाला सांगण्यात आलं. नांगर नव्हता.

दुसरं माकुणसारच्या बाजूला, एका सद्गृहस्थांनी स्वतःच्या ओटीवर मांडलेलं. त्यांच्याकडे कंदीलच कंदील. प्रत्येक कंदिलाची कथा ऐकल्याशिवाय पुढच्या कंदिलाकडे जाता येत नव्हतं. चौथ्या कंदिलाला त्यांच्या बायकोने पोहे आणले, सातव्याला चहा. आई शांतपणे ऐकत होती. निघताना तिने विचारलं, "आणि लाईट गेल्यावर तुम्ही काय लावता?" गृहस्थ म्हणाले, "इन्व्हर्टर आहे." आई म्हणाली, "छान." त्या 'छान'मध्ये केवढं काय होतं ते त्यांना कळलं नाही. मला कळलं, मी तीन आठवडे तेच ऐकत होते.

तिसऱ्या ठिकाणी, एका देवळाच्या आवारातल्या खोलीत, मखमलीवर 'ऐतिहासिक तोफगोळा' ठेवला होता. आईने वाकून पाहिलं. गोळ्याच्या पोटावरून गोल खाच गेली होती. "हा जाळं बुडवायचा दगड आहे," ती म्हणाली, "या खाचेत दोरी बसते." पुजारीबुवांनी हात जोडले. "असेल हो आजी, पण आता तोफगोळ्याचा ठराव पास झालाय."

गाडीत बसल्यावर मी हसत सुटले. आरशातून पाहिलं तर आई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. पण हसली नाही असंच तिचं म्हणणं.

असे किती रविवार गेले. किनारा संपला, गावं संपली. आईचा पाय केव्हाच बरा झाला होता. देवळाच्या पायऱ्या माझ्याआधी चढायची. तरी मी म्हणायचे, अजून महिनाभर राहा, पायावर ताण नको. ती म्हणायची, "जशी तुमची इच्छा." मी हे ऐकून निर्धास्त होत असे. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'जशी तुमची इच्छा' या शब्दांचा अर्थ मला कळला नसावा.

शेवटी मनोर रस्त्याला, मासवणच्याही पुढच्या एका पाड्यावर शेतीच्या जुन्या अवजारांची खोली आहे, असं कुणीतरी सांगितलं. तिथे नांगर कसा असेल? समुद्राचा तिथे वारासुद्धा लागत नाही. पण रविवार मोकळा होता आणि मला सवय लागली होती.

खोली कुडाची, सारवलेली, स्वच्छ. सांभाळणारे एक म्हातारे शेतकरी, डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर नाचणी-वरई करणारे. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग एकेक दाखवायला लागले. हे कोळपं, ही पाभर, हे जू. कोपऱ्यात लाकडी नांगर ओळीने मांडलेले. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवा आमचा.

चार वाकड्या फाळांचा, गंजलेला, दोर बांधायच्या कडीसकट. कडीला सुतळीने माझी चिठ्ठी. 'नांगर, लोखंडी, नग एक. जुना, सुस्थितीत.' अक्षर मोत्यासारखं.

जगाच्या पाट्यांना नावं ठेवत फिरणारी मी! नांगर म्हणजे नांगर, एवढं लिहून मोकळी झाले होते. होडीचा की शेतीचा, हे लिहायला दोन शब्द जास्त लागले असते. विभागाप्रमाणे वाटणाऱ्यांनी बरोबर विभागात वाटला.

आई काही बोलायच्या आत म्हातारबाबांनी माहिती सुरू केली. "हा लोखंडी नांगर. चार फाळांचा. खडकाल जमिनीत चालत व्हता, आसा मी पोरांना सांगतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन खरा सांगू, मना काय झोप नाय ह्याच्यापायी. पोरा इचारतात, बैल कुठं जुपायचा? मी सांगतो, चारी बाजूंनी. आता चारी बाजूंनी बैल जुपला तर नांगर जाल कुठं?"

"कुठंच जायाचा नाय!" आई एकदम बोलली. "त्याच तर त्याचा काम हाय!"

आणि ती खाली बसली, नांगराच्या दांड्यावर हात ठेवून, आणि बोलतच सुटली. हा पाण्यात टाकायचा, हा फाळ चिखलात रुततो, मग भरती येवो की ओहोटी, होडी जागची हलत नाय. म्हातारबाबा समोर उकिडवे बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी बराच वेळ मान हलवली. "म्हंजी आमचा नांगर चालला पायजे, तुमचा थांबला पायजे. आन नाव मातर एकच."

मी चिठ्ठी पुढे केली. म्हटलं, "आये, चूक माझी. मीच लिहिलंय हे."

आईने चिठ्ठीकडे पाहिलं, चार लाकडी नांगरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आगे येडे," ती म्हणाली, "येवढी शिकलंस ती ह्याच्यासाठी?" आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मलाही रडू आलं, हसूही आलं. म्हातारबाबांनी दोघींना आलटून पालटून तांब्या दिला.

ते म्हणाले, तुमचा हाय, घेऊन जावा. पोरं बोलावतो, गाडीत ठेवतील उचलून. आईने नांगराला एकदा नीट न्याहाळलं. "ऱ्हाउंदे. हया जागा सुकी हाय, गंज नाय चढायचा. पन पाटी बदला."

मी पिशवीतून वही काढली. लिहायला सुरुवात करणार, तेवढ्यात कशी कोण जाणे थांबले आणि विचारलं, "काय लिहू?"

"लिव. होडीचा नांगर. होडी थांबवाला." मग जरा घुटमळून, "आन कोनाचा त्या पन लिव."

"सांग नाव."

"तुना म्हायत हाय की," आई म्हणाली आणि लाजली. जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ते काय या पाड्यावर येऊन घेणार! मी नाव लिहिलं. म्हातारबाबांनी खडूने जमिनीवर रेघ मारली, आम्ही तिघांनी नांगर ढकलत रेघेपलीकडे नेला, आणि त्या खोलीत समुद्र विभाग सुरू झाला. वस्तू एक.

परतताना आई पुढच्या सीटवर बसली. पालघर आलं. फ्लॅटकडे वळायचं तिथे मी गाडी बाजूला घेतली. इतके दिवस मी सवयीने वळत होते.

"आये, कुठं जायचंय तुला?"

"घरी."

"कुठल्या?"

"घर येकच हाय. त्या तू बंद करून आलंस." तिने हे रागाने म्हटलं नाही. म्हणूनच जास्त लागलं. नांगराचं दुःख होतं, नाही असं नाही. पण मी एकाच पंधरवड्यात दोघांना उचललं होतं, नांगराला आणि तिला, आणि दोघांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं.

मी सरळ बोईसरचा रस्ता धरला. नाक्यावर रविवारच्या बाजाराची गर्दी. रिक्षावाल्यांची हिंदी चाललेली. आईने खिडकी खाली केली आणि एका रिक्षावाल्याला, मध्ये उभा राहिल्याबद्दल, त्याच्याच हिंदीत चार शब्द ऐकवले. तो निमूट बाजूला झाला. तिथून पुढे घर येईपर्यंत ती बोलत होती. थंडी पडली की येईन पालघरला महिनाभर, म्हणाली. पन तवा मी सांगन.

घर उघडलं, तर सगळीकडे धूळ. माझे हात शिवशिवायला लागले. दारामागे एक बूड गेलेली पाटी होती. उचलली, आणि तशीच धरून उभी राहिले.

"आये, ही टाकू?"

"टाक."

"हा फुटका डबा?"

"टाक."

"या जुन्या दोऱ्या? बाबांची छत्री? हे पत्रे?"

"टाक गे सगला. कवापासून सांगाचा व्हता कोनाला तरी, घर मोकला करा." ती ओटीवर पाय पसरून बसली होती, समोर अंगणात कचऱ्याचा ढीग वाढत होता. "नांगर पन दिला आसता. टेम्पोवाल्यांना मीच म्हनला आसता, घेऊन जावा." मग माझ्याकडे न बघता, पायावरची धूळ झटकत म्हणाली, "इचारला आसतंस, तर."