बोर्लीला दाऊदची कविता टिपायला गेलो तेव्हा

दाऊद मुलाकडे दुबईला कायमचा निघालाय असं कळलं आणि मी किहीमहून लॅपटॉप घेऊन निघालो. चौथीत आम्ही दोघं एका बाकावरून होडीची कविता म्हणायचो. ती मला त्याच्या चेहऱ्यासकट हवी होती.

माणगावला नवा वेबकॅम घेतला. दुकानदार खोक्यावरची धूळ पुसत हसला, तिथेच मला शंका आली. पुढे म्हसळ्यावरून बोर्ली पंचतनची एसटी. घाट वळणांचा आहे, भरल्या पोटी बसू नका. भूक राखलीत तर फायदाच. दाऊदच्या घरी त्याच्या बायकोने, अमिनाभाभींनी, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं.

जेवणानंतर पडवीत दाऊदने कविता म्हटली, मी ती कॅमेऱ्यात टिपली. लावून पाहतो तर आवाज स्वच्छ, चित्र मात्र धक्के खात चाललेलं. ओठ एका ओळीवर, आवाज पुढच्या.

"जुना माल गळ्यात मारलान त्या दुकानदाराने," मी म्हणालो.

"शाळेत खडू मोडला तरी तुला माझाच संशय यायचा," दाऊद म्हणाला.

"तेव्हा मोडत कोण होतं, ते सांगा की," भाभी आतून म्हणाल्या.

वायर काढून दुसरीकडे खोचली. उजेडासाठी पडदा सारला. तेच. चित्राचा आकार लहान केला तेव्हा मात्र सुरळीत चाललं. म्हणजे कॅमेरा धड होता, एचडीतच अडत होता. सेटिंग उघडलं. 'कंप्रेस्ड' म्हणजे कवितेतलं काहीतरी कापतील, या धास्तीने मीच 'अनकंप्रेस्ड' निवडलं होतं. एवढा कच्चा माल त्या वायरीतून वेळेत येणार कसा? 'एमजेपीजी', म्हणजे कॅमेऱ्यातच दाबून पाठवलेलं चित्र, केलं आणि चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. तुमचंही अडखळलं तर आधी हे पाहा, दुकानदाराला मागाहून बोला.

दाऊदने पुन्हा कविता म्हटली. मी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या हलत्या ओठांकडेच बघत राहिलो. शेवटच्या एसटीने निघालो.

घरी येऊन नीट ऐकलं. दुसऱ्या वेळी शेवटचं कडवं नाही. होडी किनाऱ्याला परत येते, तेच. अडखळत्या चित्रात मात्र ते आहे, पूर्ण.

दाऊदला फोन लावला. तोवर तो विमानतळावर पोहोचला होता.

"कडवं गाळलंस का रे?"



"न्हाय रे. तुझा कॅमेराच हळू हाय."

दोन्ही चित्रं ठेवली आहेत. बघतो मात्र अडखळणारं.