अध्यक्षबाई स्वप्नात येतात

अध्यक्षबाई अध्यक्ष नव्हत्या तेव्हापासून सगळे त्यांना अध्यक्षबाई म्हणत.

आमची लॉन्ड्री मोठी आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. मळक्या एका खिडकीतून आत येतात, धुतलेल्या मागच्या दारातून बाहेर जातात. मी खिडकीशी बसते. साहित्यात पदवी घेतली आणि गाठोडी उतरवून घेऊ लागले. अध्यक्षबाई आत, इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. ओल्या चादरीचे कोपरे ताणून धरायचे, रोलरच्या तोंडाशी द्यायचे. रोलर चादर ओढून घेतो. पलीकडून ती कोरडी, कडक, गरम बाहेर येते. पलीकडे घडीकाका. ते घडी घालतात. दोघांच्या मध्ये दिवसभर वाफ असते. इतकी वर्षं ते एकमेकांना वाफेतूनच पाहत आलेत.

आमची मैत्री जेवणाच्या सुट्टीतली. मी वाचलेल्या गोष्टी त्यांना सांगते, शेवट सोडून. शेवट त्या स्वतः लावतात. बहुतेक वेळा त्यांचा शेवट बरा असतो.

आमच्याकडे कामगारांची समिती आहे. तिचा अध्यक्ष मतदानाने निवडतात. मतपेटी आणायची असं दर वेळी ठरतं आणि दर वेळी राहून जातं. मग एक धुतलेला उशीचा अभ्रा खुंटीला टांगतात आणि त्यात चिठ्ठ्या टाकतात. अध्यक्षबाई दर निवडणुकीला उभ्या राहायच्या. दर वेळी पडायच्या. जिंकायचे ते गाडीवाले, म्हणजे आमच्या डिलिव्हरीच्या गाडीचे ड्रायव्हर. मग अध्यक्षबाई हात पुसून पुढे यायच्या आणि छोटंसं भाषण करायच्या. विजयी उमेदवाराचं मनापासून अभिनंदन, वगैरे. लोक टाळ्या वाजवायचे. कुणी ओरडायचं, "अध्यक्षबाई, पुढच्या वेळी नक्की!" सगळे हसायचे. त्याही हसायच्या.

मी एकदा विचारलं होतं, "कशाला उभ्या राहता?"

"कुणीतरी पडायला नको का? नाहीतर तो बिचारा कुणाला हरवणार?"

या वेळी त्या जिंकल्या.

कसं झालं कुणालाच नीट सांगता येत नाही. गाडीवाल्यांना धडा शिकवावा असं काहींना वाटलं म्हणे. काहींनी गंमत म्हणून मत दिलं. काहींना वाटलं, बिचारीला निदान चार मतं तरी पडू देत. असं प्रत्येकाला वाटलं. अभ्रा टेबलावर उलटा केला, चिठ्ठ्या मोजल्या, तर निम्म्याहून जास्त अध्यक्षबाईंच्या.

"परत मोजा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "काहीतरी चुकलंय."

परत मोजल्या. अभ्र्याच्या कोपऱ्यात अडकलेली आणखी एक चिठ्ठी निघाली. तीही त्यांचीच.

त्या मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसल्या. मग उठल्या. त्यांना एकच भाषण येत होतं. तेच केलं. विजयी उमेदवाराचं मनापासून अभिनंदन. त्यांच्या हातून चांगलं काम होवो. माझं त्यांना पूर्ण सहकार्य राहील.

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. का ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक्या चादरी शिवणाऱ्या सुईबाई आल्या. अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "काल तुम्ही माझ्या स्वप्नात आला होतात."

"अगं बाई! काय केलं मी?"

"काही नाही. दारात उभ्या होतात. म्हणालात, झोपा तुम्ही, मी आहे."

"आणि मग?"

"मग मी झोपले."

"अहो, झोपलाच होतात की!"

"स्वप्नात झोपले. फार छान झोप लागली."

आम्ही ते हसण्यावारी नेलं. पण दोन दिवसांनी ड्रमवाला आला. तो धुण्याचे मोठे ड्रम चालवतो. त्याच्या स्वप्नात पाइप फुटला होता आणि अध्यक्षबाईंनी नुसता हात ठेवून तो थांबवला होता. मग आणखी कुणी. कुणाची हरवलेली चप्पल त्यांनी शोधून दिली. कुणाला रागावल्या. कुणाबरोबर काहीच न बोलता बाकावर बसून राहिल्या. शेवटी गाडीवालेही आले. पडल्यापासून ते घुश्श्यात होते.

"माझ्या गाडीत मागे येऊन बसला होतात," ते म्हणाले, जणू तक्रारच. "कुठं जायचं विचारलं तर म्हणालात, तुम्ही चालवा, मी बघते."

"पुढे कुठे गेलो आपण?"

"मला काय माहीत? मी चालवत होतो."

मला हे सगळं ऐकून गरगरायचं. एवढी माणसं, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या उशांवर, आणि सगळ्यांच्या झोपेत एकच बाई, एप्रन घातलेली. अध्यक्षबाई ऐकून घ्यायच्या. लाजायच्या. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांचे यजमान बसले होते, एका बिघडलेल्या पंख्याची पाती पुसत. ते म्हणाले, "गावभर फिरते ही. माझ्या स्वप्नात मात्र येत नाही."

"अहो, शेजारी घोरते तेवढं पुरत नाही का?"

नंतर मला सोडायला रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या. दिवे नुकतेच लागले होते. म्हणाल्या, "पोरी, मला त्या बाईचा हेवा वाटतो."

"कुठल्या बाईचा?"

"ती, यांच्या स्वप्नात जाते ती. तिला सगळं जमतं. मी साहेबांच्या खोलीत जायचं म्हटलं तरी आधी दोनदा पाणी पिते."

मग ड्रमवाल्याने घोळ घातला. एक दिवस तो कामावर आलाच नाही. अध्यक्षबाईंनी त्याचा ड्रम सांभाळला, भिजून चिंब झाल्या. दुसऱ्या दिवशी तो आला, निवांत.

"कुठे होतास रे?"

"तुम्हीच म्हणालात ना, उद्या येऊ नकोस, आराम कर."

"मी? कधी?"

त्याने डोकं खाजवलं. "हां... बरोबर. ते पहाटे होतं."

"हे बघ, मी उघड्या डोळ्यांनी सांगितल्याशिवाय कुणी रजा घ्यायची नाही!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. सगळे हसले. पण मी पाहिलं, त्या हसत नव्हत्या.

त्याच आठवड्यात फळ्यावर कागद लागला. घडी घालायचं मशीन येणार. रोलरच्या पलीकडे माणूस लागणार नाही. घडीकाकांचं काम महिनाअखेर, म्हणजे चारच दिवसांत, संपणार.

काका एकटे राहतात. पुतण्याचं रंगाचं दुकान आहे, दूर. तो म्हणत होता, या, गल्ल्यावर बसा, मागे खोली आहे. काका महिनाभर होय-नाही करत होते. आता ते जातील असं आम्ही धरून चाललो. पण ते शीळ घालत होते. रोलरच्या आवाजातही ऐकू यायची.

सुट्टीत अध्यक्षबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी बरोबर होते.

"काका, पुतण्याकडे कधी निघताय?"

"त्याला नाही म्हणून कळवलं. त्याने दुसरा माणूस ठेवलाही."

"नाही म्हणालात? अहो, का?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्हीच सांगितलंत ना. वाफेतून वाकून म्हणालात, काका, तुम्ही इथून जायचं नाही. मी साहेबांशी बोलले."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं.    मग म्हणाल्या, "हो का."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना. ते स्वप्न होतं."

"सांगते."

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डोळ्याला डोळा लागत नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. रोलरवर त्यांच्या हातून चादर तिरकी जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी त्या काकांना म्हणाल्या, "काका, मी साहेबांना नेमकं काय म्हणाले?"

"ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. बोलले, एवढंच म्हणालात."

"बरं."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्या एकेकाकडे गेल्या. ज्याच्या ज्याच्या स्वप्नात त्या गेल्या होत्या, त्याला विचारू लागल्या. मी उभी होते कशी? हात कुठे होते? आवाज मोठा होता का? लोक अगदी मन लावून आठवायचे. चोरी पाहिलेल्या साक्षीदारांसारखे.

"हात खिशात," सुईबाई म्हणाल्या. "दोन्ही."

"आवाज हळू," ड्रमवाला म्हणाला. "पण ऐकू येत होता. आता येतो त्यापेक्षा बरा."

गाडीवाल्यांनी खूप विचार केला. "तुम्ही आधी बसता," ते म्हणाले. "कुणी बसा म्हणायची वाट बघत नाही. मी गाडीचं दार उघडायच्या आत तुम्ही बसलेल्या होतात."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. त्या दुपारी त्या पाणी न पिताच निघाल्या. मला म्हणाल्या, "चल, समितीतर्फे लिहून घ्यायला कुणीतरी हवं."

साहेबांच्या खोलीला काचेची भिंत आहे. पलीकडून वाफ चढते, म्हणून काच कायम धूसर. आत आवाज येत नाही. रोलर फिरताना नुसता दिसतो. साहेब काहीतरी वाचत होते. खुर्ची रिकामी होती. आजवर तिथे आमच्यापैकी कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. अध्यक्षबाई बसल्या. हात एप्रनच्या खिशात घातले.

साहेबांनी वर पाहिलं. "बोला."

"घडीकाका इथून जाणार नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "मी त्यांना तसं सांगून बसलेय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"असं परस्पर कसं कबूल करता तुम्ही?"

"तेच मलाही कळत नाही, साहेब. पण कबूल झालंय. त्यांनी त्यावर पुतण्याकडची जागा सोडली."

साहेब म्हणाले, मशीन घेतलंय, वरून ठरलंय, माझ्या हातात नाही. बरंच बोलले. चुकीचं काही बोलत नव्हते. अध्यक्षबाई मधे बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतंच, हे मला माहीत होतं. त्या फक्त उठल्या नाहीत. साहेबांचं बोलून झालं. ते कागद चाळू लागले. त्या बसून होत्या. काचेपलीकडे पांढऱ्या चादरी एकामागून एक सरकत होत्या, ढगांसारख्या. मला वाटलं, आता आम्ही तिघंही कुणाच्या तरी झोपेत आहोत आणि तो कूस बदलेपर्यंत असंच चालणार.

"तुम्हाला रोलरवर जायचं नाही का?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"जायचंय की."

"मग?"

"काकांना काय सांगू तेवढं सांगा. मग जाते."

साहेबांनी चष्मा काढला. डोळे चोळले. एकदम थकलेला माणूस दिसला. "खिडकीवर सकाळी गर्दी होते," ते म्हणाले. "अर्धा दिवस. त्याहून जास्त मला जमणार नाही. खरंच नाही."

"अर्धा दिवस," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि उठल्या. दाराबाहेर आल्या आणि आधी दोनदा पाणी प्यायल्या. 

काकांना त्यांनी तसंच सांगितलं. "अर्धंच जमलं, काका. रोलर नाही, खिडकी. पगारही अर्धा. आणि हे सगळं मी आज बोलले. त्याआधी बोललेच नव्हते. तुम्हाला पडलं ते स्वप्न होतं."

"ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"म्हातारा झालोय, खुळा नाही झालो."

"मग पुतण्याला नाही कशाला म्हणालात?" त्यांचा आवाज चढला. सगळे वळून पाहू लागले. "मी इथे जागून जागून अर्धी झाले! मला जमलं नसतं तर?"

"तर पुतण्याच्या हातापाया पडलो असतो." काकांनी एक चादर उचलली, कोपऱ्याला कोपरा लावला. "अहो, चिठ्ठी टाकली तेव्हा तरी तुम्ही कुठे अध्यक्ष होतात? ते धकलं. म्हटलं हेही धकेल."

 अध्यक्षबाईंनी त्या चादरीची दुसरी दोन टोकं धरली आणि दोघांनी मिळून ती घडी घातली. पहिल्यांदाच त्या रोलरच्या त्या बाजूला उभ्या होत्या.

"परत असलं स्वप्न पाहिलंत तर बघा," त्या म्हणाल्या.

"आता माझ्या हातात आहे का ते?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याशेजारी खिडकीवर आले. गाठोडी घेताना ते प्रत्येकाला घरची खुशाली विचारतात, त्यामुळे रांग लांबते. ओरडा मला बसतो.

जेवणाच्या सुट्टीत अध्यक्षबाई दिसल्या नाहीत. शोधलं तर धुतलेल्या चादरींच्या ढिगामागे झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक पाय चपलेत, एक बाहेर. सुईबाईंनी ओठावर बोट ठेवलं. सुट्टी संपली तरी ड्रमवाल्याने ड्रम सुरू केले नाहीत. साहेब काचेमागून पाहत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

तेवढ्यात फाटकाशी डिलिव्हरीची गाडी आली. ती आवाज फार करते. काका अर्धा दिवस संपला तरी घरी गेले नव्हते; त्यांनी खिडकीतून हात हलवला, ढिगाकडे बोट दाखवलं, कानाखाली हात ठेवून झोपेची खूण केली. गाडीवाल्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. मग एका हाताने स्टिअरिंग धरून, खांदा दाराला लावून, ते गाडी ढकलू लागले. ड्रमवाला धावत गेला आणि मागून जोर लावला.

गाडी मुकाट्याने आत आली, पांढऱ्या चादरींनी भरायला.