दामिनी रागावते

माझी धाकटी जाऊ दामिनी अहमदपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती रागावते. घरात रागावते आणि कॉलेजातही रागावते. कॉलेज पगार देतं म्हणून तिथं जरा जास्त.

माझ्या रोजच्या वहीत बहुतेक उपास, पाहुणे आणि भाजी असते. यंदा मात्र दामिनीच फार आली. म्हणून तिचं वेगळं लिहून काढते.

एका सोमवारी देवळातून परतताना मी तिच्या ग्रंथालयात टेकले होते. एक पोरगा आला. म्हणाला, "मॅडम, पाण्यावर एखादं पुस्तक द्या."

"पाण्यावर? विहिरीच्या, टँकरच्या का पाणीपुरीच्या?"

"टँकरच्या."

"कुठल्या टँकरच्या? आपल्या जिल्ह्याच्या का सगळ्या देशाच्या?"

"आपल्याच."

"मग तसं बोल की रे! तोंडात काय धरून आलास?"

पोरगा लाल झाला. पण जाताना त्याच्या हातात पाहिजे ते पुस्तक होतं आणि जुन्या वर्तमानपत्रांची फाईलही होती. रागावता रागावता ती पोरांच्या मनातलं काढून घेते, हे मला तेव्हा कळलं. पोराला कळलं नसावं.

दर शुक्रवारी तिचा एक तास असायचा. पुस्तक कसं शोधायचं, लेख खरा की खोटा कसं बघायचं, प्रकल्पाच्या शेवटी संदर्भांची यादी कशी लिहायची, हे ती पोरांना शिकवायची. "अक्का, पुस्तकं देणंघेणं कुणीबी करील. हा तास तेवढा माझा आहे," असं ती म्हणायची. गुरुवारी संध्याकाळी तिला कुणी काही विचारायचं नाही, असा घरात नियमच होता.

मग पोरांच्या मोबाईलात एआय आलं. आधी पुस्तक मागणारी पोरं कमी झाली. मग प्राचार्यांनी तिला बोलावलं.

घरी येऊन तिनं आम्हाला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "मॅडम, पोरांची तक्रार आहे. एआय कितीबी वेळा विचारलं तरी चिडत नाही, तुम्ही पहिल्याच प्रश्नाला चिडता. परत तक्रार आली तर शुक्रवारचा तास बंद. त्या वेळात पोरं मोबाईलवर शिकतील."

त्या दिवशी ती जेवली नाही. मी महादेवापुढं हात जोडून सांगितलं, देवा, हिची जीभ जरा गोड कर.

देवानं लगेच ऐकलं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "आमटी कशी झालीय गं?"

"छान झाली आहे, अक्का. मिठाचा आणखी विचार करता येईल."

रविकिरणभावजींनी ताट सोडून बायकोच्या कपाळाला हात लावला. "हिला ताप आलाय का?"

"एआय असंच बोलतं," दामिनी म्हणाली. "शिकायलेय मी."

कॉलेजातही ती तशीच बोलू लागली. पोरं आधी घाबरली. मॅडम राजीनामा देणार, असंही काहींना वाटलं. मग सवय झाली. तक्रार आली नाही. तास राहिला.

त्याच दिवसांत लुबना तिच्याकडं आली. तिचे वडील मकसूदभाई बाजारात केळीचा धंदा करतात, अर्धापूरचा माल आणतात. मीही उपासाची केळी त्यांच्याकडूनच घेते. लुबनाचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प केळीच्या बाजारावरच होता. एआयकडून घेतलेली संदर्भांची यादी तिनं दामिनीपुढं धरली. लेखांची नावं भारदस्त होती, पण कशालाच पानाचा आकडा नव्हता. काही मासिकं दामिनीनं आयुष्यात ऐकलेली नव्हती. तिच्या जिभेवर काय आलं असेल ते मी लिहीत नाही. ती म्हणाली, "यादी छान आहे. एकदा तपासून घेतलेली बरी."

लुबनानं 'छान' तेवढं ऐकलं आणि प्रकल्प जमा केला.

तिचे मार्गदर्शक विरूपाक्ष सर. त्यांनी यादी वाचली, तर केळीवरचा एक लेख खुद्द त्यांच्याच नावावर निघाला. लुबनानं एआयला विचारताना सरांचं नाव लिहिलं होतं. एआयनं ते वाया जाऊ दिलं नाही. सरांनी प्रकल्प परत केला. म्हणाले, "हा लेख मी लिहिलेला नाही. शीर्षक चांगलं आहे. आठवड्यात नवीन यादी आण, नाहीतर नापास."

लुबना संध्याकाळी थेट आमच्या घरी आली. डोळे पुसत होती आणि भांडतही होती.

"मॅडम, माझ्या भावाला तुम्ही सगळ्यांसमोर झापलं होतं. मला का न्हाई झापलं?"

"तपासून घे म्हणाले होते."

"छान बी म्हणल्या होत्या! झापलं असतं तर मला कळलं असतं ना."

मी चहा ठेवला. कप खाली ठेवते तोवर दामिनी म्हणाली, "काढ यादी."

मग सुरू झालं. "हा कोण? ह्याचं दुसरं काही वाचलंस? हे मासिक कुठून निघतं? हातात धरलंस कधी?"

"एआयनं दिलं."

"उद्या एआय म्हणालं तुझ्या वडलांचं दुकान बिलोलीला आहे, तर तिथं जाऊन बसशील?"

"न्हाई. दुकान इथं आहे, मला माहीतय."

"मग ह्याचंबी तसंच माहीत करून घे की! विचार एआयला, कोण नको म्हणतंय? पण त्यानं सांगितलेलं डोळ्यांनी दिसल्याबिगर लिहायचं न्हाई. सापडलं तर ठेव, न्हाई सापडलं तर खोड. आणि नाक पूस आधी."

लुबनानं नाक पुसलं आणि पेन काढलं. चहा दोघींचाही गार झाला.

तो आठवडा दामिनी तिला रोज रागावली. बाजार समितीचा अहवाल सापडला. कृषी विद्यापीठाची पुस्तिका सापडली. मकसूदभाईंना त्यांच्याच दुकानात बसवून लुबनानं मुलाखत घेतली. गिऱ्हाईक थांबलेलं असताना ते उत्तरं देत होते, मी स्वतः पाहिलं. जुन्या यादीतलं अर्ध्याहून जास्त खोडलं गेलं.

शुक्रवारी लुबनाला विचारून दामिनीनं तीच खोडलेली यादी वर्गात दाखवली. एकेका पोराला उभं करून विचारलं, हे खरं कशावरून? आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला. तक्रार होणार हे तिला माहीत होतं. सकाळी साडीची पिन लावताना तिनं मला तसं सांगितलंही होतं. सोमवारी मी देवळात जाऊन माझं मागणं परत घेतलं.

लुबनाचा प्रकल्प पास झाला. तोंडी परीक्षेत विरूपाक्ष सरांनी बाजारभावाचं विचारलं, अहवालातल्या आकड्यांचं विचारलं. शेवटी म्हणाले, "ते माझ्या नावाचं शीर्षक कुणी वापरणार नसेल तर मी घेतो."

पहिल्या वर्षाच्या एका पोराची तक्रार गेली होतीच. प्राचार्य शब्दाचे पक्के निघाले. शुक्रवारचा तास बंद झाला. त्या वेळात आता पोरं वर्गात बसून मोबाईलला विचारतात, आणि एक शिपाई हजेरी घेतो.

दामिनीनं घरी एवढंच सांगितलं, "गेला तास." मग भावजींवर रागावली, टॉवेल कुठंही टाकता म्हणून. मला जरा बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात लुबना दोन मैत्रिणींना घेऊन मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गेली. "मॅडम, ह्यांच्या याद्या बघा. जरा नीट रागवा." त्या दोघींनी आणखी काहींना सांगितलं. तक्रार करणारा पोरगाही एकदा येऊन गेला. लांब उभा होता, पण यादी हातात होती.

मधल्या सुट्टीत आता दामिनीला खायला वेळ मिळत नाही. पोळीभाजी दिली की संध्याकाळी डबा तसाच घरी येतो, भाजी आंबलेली. मग माझ्यावर रागावते की उगं कशाला भरून देता.

या आठवड्यापासून मी तिला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी देतेय. ती संध्याकाळपर्यंत टिकते, आणि बोलता बोलता मोडून खाता येते.